गिनी पिगचे बाळंतपण आणि गृहस्थाची अहिंसा

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः घाटकोपर, मुलुंड, बोरिवली आणि अंधेरी येथील सदनिकांत, ज्या कुटुंबांना जागेअभावी, सोसायटीतील कुरबुरींमुळे किंवा घरात मांसान्न शिजवणे मान्य नसल्यामुळे कुत्रा-मांजर पाळता येत नाही, त्यांच्यापैकी काहींकडे गिनी पिग हा लहान, निरुपद्रवी आणि पूर्णपणे वनस्पतींवर जगणारा प्राणी मुलांच्या हट्टापायी येतो. याच भागांत जैन वस्ती मोठी आहे, आणि म्हणून एरवी निव्वळ पशुवैद्यकाचा समजला जाणारा एक प्रश्न तेथे धर्मविचाराचाही होतो. अहिंसा हे ज्या घराचे पहिले व्रत आहे, त्या घरातील पिंजऱ्यात मादी व्याली आणि पुढच्या चार-सहा दिवसांत आजारी पडून तडफडली, तर त्या दुःखाचा कर्ता कोण मानायचा: तिचे पूर्वकर्म, निसर्गाचा क्रम, की तिला पिंजऱ्यात ठेवणारा गृहस्थ?

या प्रश्नाचे उत्तर हिंसा कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात केवळ प्राणहानी म्हणजे हिंसा असे मानलेले नाही. ती हानी प्रमादातून, म्हणजे बेसावधपणा, आळस आणि रागद्वेष यांनी व्यापलेल्या वृत्तीतून घडलेली असणे हा व्याख्येचाच भाग आहे. कुंदकुंदांचे प्रवचनसार याच दिशेने आणखी पुढे जाते: पाऊल जपून टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली एखादा जीव आला तरी तेवढ्याने त्याला कर्मबंध होत नाही, आणि बेफिकीरपणे चालणाऱ्याच्या पायाखाली कोणीही मेले नाही तरी त्याची हिंसा निश्चित आहे. ही भूमिका पाळीव प्राण्यांच्या बाबतीत दिसते त्यापेक्षा कठोर ठरते, कारण ती मालकाला ‘आमच्या मनात वाईट नव्हते’ या बचावाची सोय ठेवत नाही. जे कळणे शक्यच नव्हते ते न कळणे वेगळे, आणि जे विचारले असते तर कळले असते ते न विचारणे वेगळे. प्रमाद हा या दुसऱ्या प्रकारात राहतो. गिनी पिगच्या बाळंतपणात जे बिघडते त्यातील बराचसा भाग आज याच दुसऱ्या प्रकारात मोडतो, हे दाखवण्यासाठी प्रथम त्या प्राण्याच्या शरीराची काही माहिती आवश्यक आहे.

गिनी पिग हा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील असून दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात काही हजार वर्षांपूर्वी तो मांसासाठी माणसाळवला गेला. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते. गिनी पिगचा गर्भकाळ मात्र ५९ ते ७२ दिवसांचा असतो, आणि या दीर्घ काळाचे फळ म्हणून पिले अंगभर केस, उघडे डोळे आणि उगवलेले दात घेऊनच जन्मतात, काही तासांत पळू लागतात आणि एक-दोन दिवसांत गवत चघळू लागतात. जैन शास्त्रात गर्भज जीवांचे जरायुज, अंडज आणि पोतज असे तीन भेद केलेले आहेत, आणि त्यांतील पोतज म्हणजे आवरणाविना, पूर्ण अवयवांनिशी आणि जन्मताच हालचाल करण्याच्या सामर्थ्यासह बाहेर येणारे जीव. हा प्राणी त्या शास्त्रकारांनी कधी पाहिला असणे शक्य नव्हते, पण पिलांचे वर्णन त्यांच्या तिसऱ्या भेदाशी इतके जुळते की वाचकाला नवल वाटावे. अर्थात आवरण नसते हे खरे नाही. ते असते आणि आई ते दातांनी फाडून चाटून काढते, आणि दोन पिले लागोपाठ आल्यामुळे तिचे एकाकडे दुर्लक्ष झाले तर ते त्या पातळ पिशवीतच गुदमरते.

पिले अशी तयार होऊन येतात याची किंमत आई मोजते. साधारण ७०० ते ९०० ग्रॅम वजनाच्या मादीच्या पोटात प्रत्येकी ७० ते १०० ग्रॅमची तीन-चार पिले वाढतात, म्हणजे शेवटच्या दिवसांत ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा भार वाहत असते. एवढी मोठी पिले बाहेर पडावीत म्हणून तिच्या कटीच्या पुढील भागातील, दोन जघनास्थींना जोडणारा सांधा प्रसूतीपूर्वी सैल होऊन बोटभर उघडतो. मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नसेल, तर हा सांधा पुढे पुरेसा उघडेलच असे नाही, असे पशुवैद्यक मानतात, आणि मग पिले अडून शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरत नाही. वीस मिनिटांहून अधिक काळ कळा देऊनही पिलू न येणे हे त्याचे ठळक चिन्ह आहे.

प्रसूती सुखरूप पार पडली म्हणजे संकट टळले, हा समज सर्वांत घातक ठरतो. गर्भाच्या शेवटच्या दोन आठवड्यांपासून व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत या मादीला जी विषबाधा होऊ शकते तिचे मूळ गोठ्यातल्या लोकांना ठाऊक असलेल्या किटनबाधा या आजारासारखे आहे: शरीराला लागणारी ऊर्जा अन्नातून मिळेनाशी झाली की साठवलेली चरबी वितळू लागते, ती यकृतात साचते, रक्तात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये वाढतात, मादी खाणे सोडून एका कोपऱ्यात केस फुलवून बसते, तिच्या श्वासाला नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा वास येतो आणि पुष्कळदा दोन ते पाच दिवसांत ती मरते. लठ्ठ मादी, पहिलटकरीण, जागा बदललेली किंवा एखादा दिवस उपाशी राहिलेली मादी यांना हा धोका अधिक असतो. रक्तातील चुना कमी होऊन स्नायू थरथरणे, वार किंवा मेलेले पिलू आत राहून गर्भाशयाला सूज व पू होणे, गर्भाशय उलटून बाहेर येणे, म्हणजे गुराखी ज्याला मायांग बाहेर पडणे म्हणतात ते, हेही याच काळातले आजार होत. स्तनदाहाचा प्रश्न त्यात वेगळा लक्षात घेण्याजोगा आहे, कारण या मादीला स्तनाग्रे दोनच असतात आणि दात घेऊन जन्मलेली चार पिले त्यांवर तुटून पडतात. जखम झाली, खालचा भुसा ओला राहिला, की स्तन लाल, गरम व टणक होतो आणि ती पिलांना झिडकारू लागते.

उपनगरातील हवामान यात भर घालते. थंड, कोरड्या उंचीवरून आलेल्या या प्राण्याला २७-२८ अंशांच्या पुढचे तापमान सोसत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात बाल्कनीत ठेवलेल्या पिंजऱ्यात नुकतीच व्यालेली मादी दुपारच्या एका उन्हातही दगावू शकते. शिवाय तो भक्ष्य म्हणून उत्क्रांत झालेला प्राणी असल्यामुळे दुखणे लपवतो. ओरडत नाही, लंगडत नाही, आणि ज्या दिवशी आजार डोळ्यांना दिसतो त्या दिवशी तो बराच पुढे गेलेला असतो. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर वाडगे ठेवून त्यात मादीला रोज सकाळी बसवणे आणि ग्रॅममधला आकडा कॅलेंडरवर लिहिणे, एवढी एक कृती जे सांगते ते निव्वळ मायेच्या नजरेला दिसत नाही. दशवैकालिक सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. त्याचा याहून साधा अर्थ सांगणे कठीण आहे.

तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत मोडत नाही पण डागाळते असे दोष, सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. ही यादी वाचताना जाणवते की ती शिकाऱ्याला उद्देशून लिहिलेली नाही, तर ज्याच्या दाराशी जनावर आहे अशा गृहस्थासाठी आहे. आणि ज्या दारात बैलाऐवजी पिंजरा आहे तेथेही तिचे पहिले, चौथे आणि पाचवे कलम लागू पडते. बंधनाबद्दल फार बोलावे लागत नाही, कारण पिंजरा तेथे उघडच आहे. चौथ्या आणि पाचव्या कलमांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे.

गिनी पिगची मादी व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर त्याच पिंजऱ्यात असेल तर ती त्याच दिवशी, अंगावर दूध पीत असलेली पिले असताना, पुन्हा गाभण राहते, आणि हे वर्षातून चार-पाच वेळाही घडू शकते. माणसाच्या समाजाने बाळंतिणीभोवती किती कुंपणे उभारली आहेत याची येथे आठवण ठेवावी: आयुर्वेदात प्रसूत स्त्रीला ‘सूतिका’ हे वेगळे नाव असून तिच्या आहारविहाराचा, रोगांचा स्वतंत्र विचार काश्यपसंहितेत आहे, महाराष्ट्रातील घरांत सव्वा महिन्याची विश्रांती, शेकशेगडी, डिंकाचे व अळिवाचे लाडू, सोयर, पाचवीची पूजा अशा चालींनी तिला कामापासून आणि संबंधापासून दूर ठेवले जाते. यांतील काही चालींचे आजचे स्वरूप जाचक असेल, परंतु त्यांच्या मुळाशी शरीराला उसंत मिळावी हा हेतू आहे, आणि तो हेतू निसर्गाने न पुरवल्यामुळेच समाजाला पुरवावा लागला. रानात मादीला नरापासून दूर पळण्यास मोकळी जागा तरी असते, पिंजऱ्यात तीही नसते. म्हणून तिची उसंत पूर्णपणे मालकाच्या हातात येते. प्रसूतीच्या आधीच नर वेगळा न काढणे, आणि पुढे तीन आठवड्यांची झाल्यावर नर पिले आईपासून वेगळी न करणे, हे तिच्यावर भार लादणेच होय, कारण त्या वयानंतर मुलगाही आईला गाभण करू शकतो. ‘आम्ही काही केले नाही, आपोआप झाले’ हे म्हणणे येथे फसवे आहे. दोघांना एका चौकटीत कोंडणे हेच काहीतरी करणे होते.

अन्ननिरोधाचा प्रश्न उपनगरातील जैन घरात अनपेक्षित रूपाने येतो. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ख्रिस्तियाना, म्हणजे आजच्या ओस्लो येथे आक्सेल होल्स्ट व थियोडोर फ्रोलिश यांनी १९०७ मध्ये याच प्राण्यावर स्कर्व्ही हा रोग आहारातून निर्माण करून दाखवल्यामुळेच पुढे त्या जीवनसत्त्वाचा शोध सुकर झाला. मनुष्यजातीवरचे हे ऋण सहसा कोणी मोजत नाही. एरवी या प्राण्याला शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, आणि गाभण मादीला त्याच्या तिप्पट. ते कमी पडले की हिरड्या व सांधे सुजतात, जखमा भरत नाहीत, आणि व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत होण्यात अडथळा येतो. घरात काकडीच्या चकत्या आणि दुकानातून आणलेले गोळीखाद्य एवढ्यावर हा प्राणी पाळला जातो, पण काकडीत हे सत्त्व नगण्य असते आणि गोळीखाद्यातले सत्त्व तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत बरेचसे उडून जाते. ढोबळी मिरची, कोथिंबीर, आवळ्याची फोड यांनी ती उणीव भरून निघते. आता अडचण अशी की चातुर्मासात पालेभाज्या न आणण्याचा, आणि आठम-चौदशीसारख्या तिथींना हिरवे वर्ज्य करण्याचा नियम अनेक जैन कुटुंबे पाळतात, व तो नियम त्या घरातल्या पिंजऱ्यालाही नकळत लागू होतो. माणूस व्रत घेतो ते स्वेच्छेने, आणि त्याचे शरीर आठ दिवसांचा अठ्ठाई उपवासही सोसते; या प्राण्याला व्रत घेता येत नाही आणि चोवीस तासांचा उपवास त्याच्या आतड्यांची हालचाल थांबवू शकतो. आपला संयम दुसऱ्या जीवावर लादणे हा संयम नव्हे. त्या दिवशी पाला चिरायचा नसेल तर सुके गवत आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली क जीवनसत्त्वाची गोळी हा मार्ग आहे, आणि तो शोधण्याची तसदी घेणे हेच अप्रमादाचे, सावधपणाचे, लक्षण मानता येईल.

याच ठिकाणी आणखी एक मोह संभवतो. जनावराने अन्न सोडले म्हणजे त्याची जायची वेळ आली, ही समजूत मराठी घरांत जुनी आहे. जैन कथांत तर चंडकौशिक हा विषारी नाग महावीरांच्या उपदेशाने शांत होऊन, तोंड बिळात घालून, अन्न त्यागून देह सोडतो आणि स्वर्गाला जातो. पशूंनाही अंशतः व्रत घेता येते हे त्या परंपरेचे उदार तत्त्व आहे, आणि त्यामुळे कोपऱ्यात मान घालून निश्चल बसलेल्या मादीकडे पाहताना तिने आपणहून निवृत्ती पत्करली आहे असे भाविक मनाला वाटू शकते. परंतु चंडकौशिकाची कथा क्रोध जिंकलेल्या जीवाची आहे. कीटोनांनी मळमळणाऱ्या, खायची इच्छा असूनही खाऊ न शकणाऱ्या मादीच्या मौनात वैराग्य वाचणे म्हणजे स्वतःचे धर्मभाव दुसऱ्याच्या आजारावर चिकटवणे होय, आणि त्या वाचनात जे काही तास जातात तेच तिला वाचवण्याचे तास असतात.

उलट टोकाची चूक दयेच्या घाईतून होते. रक्तस्राव किंवा पू दिसला की घरात लहान मुलासाठी आणून ठेवलेल्या ॲमॉक्सिसिलिनचे दोन थेंब पाजावेत, हा विचार सहज सुचतो. पण पेनिसिलिन जातीची औषधे तोंडावाटे दिल्यास या प्राण्याच्या आतड्यातील उपयोगी जंतू मरतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे जंतू माजतात आणि मूळ आजाराआधी औषधच त्याचा जीव घेते. देणाऱ्याच्या मनात निखळ करुणा होती यात शंका नाही. तरीही उमास्वातींच्या मापाने ही प्रमादाच्या हद्दीतलीच घटना ठरते, कारण एक दूरध्वनी करून विचारता आले असते.

छेदनाचे कलम शस्त्रक्रियेला लागू होते काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. अडलेल्या मादीचे पोट चिरून पिले काढणाऱ्या किंवा सडलेले गर्भाशय काढून टाकणाऱ्या वैद्याचे शस्त्र आणि मारेकऱ्याचे शस्त्र यांतील भेद हेतूच्या आधारे सर्वच भारतीय परंपरांनी मान्य केला आहे, त्यामुळे तेथे फारसा वाद नाही. खच्चीकरणाचे तसे नाही: गृहस्थाला वर्ज्य मानलेल्या पंधरा व्यवसायांत, ज्यांना कर्मादान म्हणतात, जनावरांचे अवयव छेदण्याचा व्यवसाय येतो, आणि त्याच यादीत केशवाणिज्य, म्हणजे सजीव प्राण्यांचा व्यापारही येतो. नर-मादी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवणे हा या कोंडीतून चिरफाडीविना सुटण्याचा मार्ग आहे. पण पिले दुकानदाराला परत देऊन त्याबदली खाद्याची पिशवी घेणे, हे कितीही घरगुती वाटले तरी केशवाणिज्याच्या जवळ जाते, आणि क्रॉफर्ड मार्केटपासून उपनगरातील गल्लीपर्यंत चालणाऱ्या या व्यवहारात खरेदी करणाराही तितकाच सहभागी असतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नोंदणी सक्तीची करणारे नियम केले. धर्मशास्त्राची मनाई त्याहून जुनी आणि अधिक व्यापक आहे.

उरतो तो शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न: मादी वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितले असेल तर तिला इंजेक्शन देऊन मरण द्यावे काय? १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील असाध्य आजाराने तळमळणाऱ्या एका वासराला गांधींनी डॉक्टरकरवी विषाचे इंजेक्शन देवविले, तेव्हा गुजरातेत, आणि विशेषतः जैन समाजात, संतापाची लाट उसळली. गांधींचे म्हणणे असे की दुसरा कोणताही उपाय उरला नसताना, केवळ त्या जीवाच्या हितासाठी, स्वतःचा लेशमात्र स्वार्थ नसताना केलेला वध अहिंसेत बसतो. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की जीवाने भोगायचे कर्म मरणाने संपत नाही, फक्त पुढच्या जन्मावर ढकलले जाते, आणि जीव घेण्याचा अधिकार करुणेलाही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, जनावर जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल अशा स्थितीत त्याला मरण देण्यास वाट ठेवली, म्हणजे कायदा गांधींच्या बाजूने झुकला. मुंबईचा १८३४ पासूनचा पांजरापोळ मात्र दुसऱ्या विचाराचे मूर्त रूप आहे, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय हे दोन्हींच्या मधल्या, उपचाराच्या जागेवर उभे आहे.

या वादात आधुनिक वाचकाचा कल बहुधा गांधींकडे असतो, पण जैन टीकाकारांच्या एका शंकेला अधिक मान मिळायला हवा: वेदना असह्य झाली ती नेमकी कोणाला, भोगणाऱ्याला की पाहणाऱ्याला? तळमळणारे वासरू निदान तळमळताना दिसते. दुखणे लपवणाऱ्या गिनी पिगच्या बाबतीत पाहणाऱ्याची घालमेल हे माप दोन्ही बाजूंनी चुकते, कारण मादी शांत असताना ती सर्वाधिक त्रासात असू शकते, आणि पाहणाऱ्याला पाहवत नाही त्या क्षणी उपचाराला वाव शिल्लक असू शकतो. तेव्हा निर्णय वजनाच्या नोंदींवर, विष्ठा थांबून किती तास झाले यावर आणि डॉक्टरांच्या तपासणीवर सोपवावा लागतो. मात्र ज्या कुटुंबाची श्रद्धा मरण देण्यास नकार देते, त्याच्यावर त्या नकाराबरोबर काही कामे येतात: दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, सिरिंजने पातळ खाद्य थोडे थोडे भरवणे, वेदनाशामक चुकू न देणे, अंग कोरडे आणि खोली थंड ठेवणे, आईचे दूध आटल्यास पिलांची सोय पाहणे. ही तयारी नसताना ‘आम्ही मारत नाही’ एवढेच म्हणून पिंजऱ्यावर चादर टाकणारा गृहस्थ पाचव्या अतिचाराच्या, अन्नपाणी रोखण्याच्या, दोषात येतो.